‘आदी’मध्ये बसलेल्या दोघी

मा. संपादक,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर आपल्या जिल्ह्यातल्या एका सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेची बातमी आली, सोबत स्टेजचा फोटो. संस्थेचं नाव मी लिहित नाही, कारण ह्या सप्टेंबरात असे फोटो तुमच्याकडं पन्नास तरी आले असतील आणि सगळे सारखेच, पाठीमागं फ्लेक्स, पुढं पांढऱ्या कापडाचं टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि फेटे. मी चष्मा लावून माणसं मोजली. एकोणीस. त्यात बायका दोन, दोघी डाव्या टोकाला, एकीचा अर्धा चेहरा समईच्या आड. फोटोखाली ओळ होती, अध्यक्ष अमुक, उपाध्यक्ष तमुक, मग संचालकांची नावं एकामागं एक, मग कार्यकारी संचालक, सचिव, आणि शेवटी "आदी उपस्थित होते". मग नावं पण मोजली. सतरा. म्हणजे त्या दोघी ‘आदी’त गेल्या.

वार्ताहराला मी बोल लावत नाही, त्याला संस्थेनंच प्रेसनोट धाडली असणार, आणि सभेत तर नेहमीप्रमाणं मंजूर मंजूर एवढंच ऐकू आलं असणार. पण तो फोटो बघितल्यापासून डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. मोठ्या जागेवर बायका का दिसत नाहीत ह्यावर महिला दिनाच्या पुरवणीत दरवर्षी छापून येतं, त्यात ते काचेचं छप्पर, म्हणजे वर जाताना न दिसणारा अडथळा, वगैरे असतं. मला पस्तीस वर्षांच्या नोकरीत काच दिसली ती फक्त कॅश काउंटरला. मला अडवलं ते मायेनं. तेवढं सांगायचंय, जरा लांबेल, जागा नसेल तर कापा पण मधनं कापू नका.

मी १९८९ साली एका सहकारी बँकेत क्लार्क म्हणून लागले आणि २०२४ ला ऑफिसर म्हणून रिटायर झाले. पस्तीस वर्षांत दोन पायऱ्या. बँकेचं नाव नको, माणसं वाईट नव्हती हे आधीच सांगते. कुणी मला छळलं नाही, वाकडं बोललं नाही, उलट जो तो सांभाळून घ्यायचा. आणि त्या सांभाळून घेण्यानंच माझं वाटोळं झालं, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

ज्यांना बँकेतलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बँकेत वर जायची वाट एकच, कर्ज विभाग. पासबुक भरणं, एफडीच्या पावत्या करणं, डीडी काढणं, लॉकर उघडून देणं हे सगळं लागतंच, पण त्यातनं कुणी मॅनेजर होत नाही. मॅनेजर तो होतो ज्यानं कर्जाच्या फायली हाताळल्यात, शेतावर-प्लॉटवर जाऊन तारण बघितलंय आणि कर्ज थकल्यावर दारात जाऊन उभा राहिलाय. आता वसुली आली की जीप आली, जीप आली की रात्र आली, आणि रात्र आली की "बाईमाणसाला कसं पाठवायचं" हे आलंच.

मला सुरुवातीला कर्ज विभाग मिळाला होता, दोन वर्षं केला, काम जमत होतं, आवडत होतं. १९९४ ला मुलगी झाली. तेव्हा बाळंतपणाची रजा बारा आठवडे असायची, २०१७ पासून ती सव्वीस झाली, चांगलंच झालं. रजा संपवून आले तर माझ्या खुर्चीवर एक नवीन मुलगा बसलेला. साहेब अगदी आपुलकीनं म्हणाले, "बाळ लहान आहे तुमचं, सध्या लॉकरला बसा, निवांत काम आहे, पाचच्या ठोक्याला सुटाल." मला पण तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू, घरात रडणारं पोर आणि डोळ्यावर झोप, कुणाला बरं वाटणार नाही. पण ते "सध्या" अकरा वर्षं चाललं.

लॉकरच्या खोलीला खिडकी नव्हती. गिऱ्हाईक आलं की रजिस्टरवर सही घ्यायची, आपली मास्टर किल्ली फिरवायची, बाहेर येऊन बसायचं, त्यांचं झालं की परत जाऊन बघायचं कपाट नीट लागलंय का. लग्नसराईत आणि दिवाळीत गर्दी, बाकी वेळात स्वेटर विणले असते तर महाद्वार रोडला दुकान निघालं असतं. त्या मुलानं मात्र त्या अकरा वर्षांत कर्ज केलं, वसुली केली, थकबाकी वसुलीचे एकशे एक कलमाचे दाखले आणले, लिलाव बघितले, कोर्टाच्या तारखा केल्या. तो मॅनेजर झाला आणि ते बरोबरच झालं, त्याला काम येत होतं. मला प्रमोशनच्या इंटरव्ह्यूत काय सांगितलं, तर "मॅडम, तुमचं रेकॉर्ड स्वच्छ आहे, पण कर्ज-वसुलीचा अनुभव काही दिसत नाही." दिसणार कुठनं, लॉकरात?

बघा, ह्यात कुणी एक माणूस दोषी सापडत नाही. ज्यानं लॉकरला बसवलं तो माझं भलंच बघत होता, ज्यांनी इंटरव्ह्यू घेतला ते नियमानं बोलत होते. दोघांच्या मध्ये अकरा वर्षं गेली ती कुणाच्या खात्यावर टाकायची? पन्नाशीत एमडीच्या केबिनमध्ये बाई का नाही हे विचारायचं असेल तर ती तिशीत कुठल्या टेबलावर होती ते आधी बघावं लागतं. वरच्या मजल्यावर सिलेक्शन कमिटी बसते तेव्हा यादीत बाईचं नावच नसतं, आणि मग सगळे खरंखरं हळहळतात की योग्य लेडी कँडिडेट मिळाली नाही.

वसुलीला मी एकदाच गेले, ते पण मार्च एंडला माणूस कमी पडला म्हणून. करवीर तालुक्यातलंच गाव, टेम्पोचं कर्ज थकलेलं. आमची माणसं आधी तीनदा जाऊन आलेली, दरवेळी उत्तर एकच, मालक घरात नाहीत. त्या दिवशी पण मालक नव्हतेच. बरोबरचे ऑफिसर अंगणात उभे राहून मोठ्यानं कायदा सांगत होते, तेवढ्यात दारातली बाई मला म्हणाली, "ताई, तुम्ही तरी आत या, उनात कशाला, च्या टाकतो." आत गेले. गोठा स्वयंपाकघराला लागूनच, दोन म्हशी. चहा उकळेपर्यंत ती बोलत होती, मी ऐकत होते. उसाचं बिल आलं की सोसायटी आधी कापून घेते, हातात काय राहात नाही, टेम्पोचा धंदा बसलाय, मालक लाजेनं पुढं येईनात. मग म्हणाली, "तुम्ही लोकं दर बारीला त्यास्नी धराय येतासा, मला कुणी इचारलंच न्हाई. दुधाचं बिल माझ्या नावावर हाय, दर धा दिवसाला येतंय, त्यातलं थोडं थोडं देतो की." मी अंगणात येऊन साहेबांना सांगितलं, त्यांना आधी खरं वाटेना. हप्ता बांधून घेतला, दीड-पावणेदोन वर्षांत खातं निल झालं. ब्रांचमध्ये चर्चा काय झाली, तर मॅडमचं नशीब चांगलं. पुढच्या मार्चला मी स्वतःहून साहेबांना म्हटलं की येते, तर म्हणाले, "नको हो मॅडम, लोक काय म्हणतील, बँकेत गडी माणसं नाहीत का." म्हणजे बाईचं गावात कुणी ऐकत नाही हा मुद्दा खोडून निघाला तरी दुसरा तयार होता.

आणि हे फक्त आमच्या बँकेतलं गावठी डोकं आहे असं समजू नका. आर्मीत बायकांना पर्मनंट कमिशन, म्हणजे रिटायर होईपर्यंतची नोकरी, आणि कमांडच्या जागा द्यायच्या का नाही ही केस सुप्रीम कोर्टात चालली तेव्हा केंद्र सरकारच्या वतीनं हेच मांडलं होतं, की जवान बहुतेक खेड्यापाड्यातनं आलेले असतात, बाई ऑफिसरची ऑर्डर घ्यायची त्यांची मानसिक तयारी नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये कोर्टानं ते फेटाळलं. मी टीव्हीवर ती बातमी ऐकली आणि पहिलं मला आमचं ते अंगण आठवलं. त्या जवानांना कुणी विचारलं होतं का? गावच्या माणसाच्या तोंडात आपल्या मनातलं घालून मोकळं व्हायचं, ही पद्धत दिल्लीपासून गल्लीपर्यंत सारखीच.

आता माझी पण एक चूक सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई एकतर्फी लिहिते. २००५ ला माझं ऑफिसरचं प्रमोशन निघालं, पण ब्रांच चंदगड. शंभर किलोमीटरच्या पुढं, रोज जाऊन येऊन होणारं नाही. सासूबाईंना अर्धांगाचा झटका येऊन सहा महिने झालेले, मुलगी अकरा वर्षांची. मी नकार लिहून दिला. मनापासून दिला, कुणी हात धरून सही घेतली नाही. त्याच लिस्टमधल्या तीन पुरुषांनी पण नकार दिला होता, एकाच्या वडिलांचं ऑपरेशन, एकाचं घराचं बांधकाम चालू, एकानं वरनं चिठ्ठी आणलेली. पुढच्या वर्षी त्या तिघांना परत विचारलं, एकाला इचलकरंजी मिळाली, एकाला जयसिंगपूर, चिठ्ठीवाल्याला तर शहरातच. मला पुढची चार वर्षं कुणी विचारलं नाही. ते एक वेळ जाऊ दे, पण माझ्यामागं लागलेल्या दोन मुली होत्या, एकीचं तर लग्न पण झालेलं नव्हतं, सोलापूरला जा म्हटलं असतं तर बॅग भरून तयार होती, त्यांना पण विचारलं नाही. हेड ऑफिसला सरळ बोलायचे, "लेडीज स्टाफ बदली घेत नाही." गड्यानं नाही म्हटलं की ते त्या वर्षापुरतं असतं, बाईनं म्हटलं की सगळ्या बायकांच्या वतीनं. माझ्या एका सहीवर त्या पोरींची उत्तरं लिहून टाकलेली. ह्याचं मला अजून वाईट वाटतं, चंदगडचं वाटत नाही.

त्या वेळी आमच्या मिस्टरांना विचारलं होतं काय करू, तर ते म्हणाले, "तू बघ बाई, तुला काय झेपतंय ते, माझी काही हरकत नाही." ह्याला घरचा पाठिंबा म्हणतात. माणूस चांगला आहे, अजून आहे, हे पत्र पण वाचून दाखवीन त्यांना. पण सासूबाईंचं अंथरूण कोण काढणार, पोरीचा डबा कोण करणार ह्यातलं एकही काम त्या हरकत नसण्यात बसत नव्हतं. सरकारनं २०२४ ला लोकांचा दिवस कुठं जातो ह्याचा मोठा सर्व्हे केला, त्यात बिनपगारी घरकामाला बाईची दिवसाला २८९ मिनिटं आणि पुरुषाची ८८, आणि ही ८८ पण जे पुरुष हात लावतात त्यांचीच. फरक २०१ मिनिटं. बँकेच्या हिशेबानं मांडते, रोजचे तीन तास एकवीस मिनिटं, एवढ्यात माणूस सीएआयआयबीचे, म्हणजे बँकवाल्यांच्या परीक्षेचे, दोन्ही पार्ट पास होतो, संध्याकाळी साहेबांबरोबर रंकाळ्यावर चक्कर मारून येतो आणि वर झोप पण पूर्ण होते.

रंकाळ्याची चक्कर मी उगाच नाही लिहिली. आमच्याकडं बदलीच्या ऑर्डरी सोमवारी निघायच्या, पण फायनल शनिवारी रात्री कुणाच्या तरी मळ्यावर झालेल्या असायच्या. चुलीवर मोठं पातेलं, तांबडा पांढरा, कोल्हापुरात त्याशिवाय कुठलं काम पुढं सरकतं? कोण कुठं जाणार, कुणाला कुठलं डिपार्टमेंट, कोण पुढच्या लिस्टला, सगळं तिथंच ठरायचं. सोमवारी सकाळी आम्ही बायका डबे घेऊन हजर आणि पुरुष स्टाफला सगळं आधीच माहीत. एका साहेबांना मी हसत हसत विचारलं होतं की आम्हाला का बोलवत नाही, तर कळवळून म्हणाले, "अहो मॅडम, तिथं सगळा गडी लोकांचा धिंगाणा, तुम्हालाच ऑकवर्ड होईल." परत तेच, काळजी. मला मळ्यावर जायचं नव्हतं हो, रस्सा मी घरी ह्यांच्यापेक्षा भारी करते. ऑर्डर ऑफिसात, दिवसा, टेबलावर ठरवा एवढंच म्हणणं होतं.

२०१९ चा महापूर कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. मी तेव्हा ऑफिसर होते, शाहूपुरीतल्या ब्रांचला. ऑगस्टचा पहिला आठवडा, राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी चढतच होतं, शेवटी ५५ च्या वर गेलं. आमचे मॅनेजर हायवेच्या पलीकडं राहणारे, शिरोलीला पाणी आलं नि रस्ता बंद, ते तिकडंच अडकले. आदल्या संध्याकाळी जाताना चार्ज आणि किल्ली माझ्याकडं देऊन गेलेले. सकाळी ब्रांचला गेले तर गटारातनं पाणी उलटं यायला लागलेलं, ते बघितलं आणि कळलं. आम्ही चौघं, मी, कॅशियर, एक क्लार्क पोरगी आणि शिपाई मामा. सोनेतारणाची पाकिटं तिजोरीत खालच्या कप्प्यात, लोकांचं मंगळसूत्र, पाटल्या, बोरमाळ. रजिस्टर घेऊन एकेक पाकीट नंबर वाचून वर पहिल्या मजल्यावरच्या खोलीत नेलं, दोन सह्या, खूण, पुढचं. चारशे बारा पाकिटं. मग कॅश, मग कर्जाची मूळ कागदपत्रं, शेवटी कॉम्प्युटर. लाइट गेलेली, मोबाइलच्या टॉर्चवर. मामा मधेच म्हणाले, "बाई, पाणी पायरीला लागलं." आम्ही बाहेर पडलो तेव्हा गुडघ्याला होतं, दुसऱ्या दिवशी काउंटर दिसत नव्हता. एक पाकीट इकडचं तिकडं झालं नाही.

त्या दिवशी मला कुणी म्हटलं नाही की बाईमाणूस आहे, दगदग नको. म्हणायला कुणी नव्हतंच.

पूर ओसरल्यावर सत्कार झाला, नारळ, शाल, फोटो, माझं कौतुक पण खूप झालं, भाषणात ताराराणी म्हणून झालं. सहा महिन्यांनी मॅनेजरची बदली झाली आणि जागा मोकळी. मला वाटलं आता तरी. हेड ऑफिसहून माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान मुलगा आला. मी पहिल्यांदाच आवाज चढवून विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, रिटायरमेंटला चार वर्षं राहिली, आता कशाला डोक्याला ताप." तिशीत पोर लहान म्हणून, चाळिशीत सासू आजारी म्हणून, त्रेपन्नाव्या वर्षी वय झालं म्हणून. बाईचं योग्य वय नेमकं कधी असतं हे कुणीतरी सर्क्युलर काढून कळवावं.

हो, एक पद मिळालं. २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला, दहा किंवा जास्त स्टाफ असेल तिथं अंतर्गत समिती पाहिजे आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाईच पाहिजे. तर आमच्या अख्ख्या बँकेत वरिष्ठ बाई शोधता शोधता मी सापडले. बोर्डावर माझं नाव आणि पुढं अध्यक्ष असं रंगवलेलं, तेवढ्या एका कागदावर मी सीनियर होते. कायदा लिहिणारे मात्र हुशार, त्यांनी आधीच लिहून ठेवलंय की वरिष्ठ बाई मिळाली नाही तर दुसऱ्या ऑफिसातनं आणा. म्हणजे मिळणार नाही हे दिल्लीत पण माहीत होतं.

माझी मुलगी मेटलर्जीची इंजिनिअर आहे, एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात आहे, कुठल्या ते नको. मला वाटलं पिढी बदलली, आता काय. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आई, मला परत डॉक्युमेंटेशनला टाकलं." तिच्याबरोबर जॉइन झालेली मुलं मेल्टिंगला, मोल्डिंगला शिफ्ट इनचार्ज, आणि हिच्याकडं ऑडिटच्या फायली, रिजेक्शनचे तक्ते, कस्टमर आला की प्रेझेंटेशन. साहेब म्हणे फार चांगले, म्हणतात तुझं इंग्लिश छान, अक्षर छान, भट्टीवर कशाला धूर खातेस. मी काय बोलणार, मला लॉकरची खोली दिसायला लागली. फौंड्रीत भट्टी रात्री पण चालते, ज्यानं रात्रपाळीत भट्टी सांभाळली नाही तो प्रॉडक्शन हेड होत नाही आणि प्रॉडक्शन न केलेला प्लांट हेड होत नाही. पूर्वी कायद्यानंच, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टनं, बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम नव्हतं. कायदा बायकांच्या भल्यासाठीच केलेला, त्या काळात लागला पण असेल. पुढं आपल्या राज्यात २०१५ ला दुरुस्ती झाली आणि सुरक्षेच्या, वाहनाच्या अटी घालून रात्रपाळीला परवानगी मिळाली. पण गाडी ठेवायची, बाथरूम बांधायचं, लाइट लावायची, एवढा खर्च दोन-तीन मुलींसाठी कोण करणार, त्यापेक्षा त्यांची काळजी घेणं स्वस्त पडतं.

आरक्षण आहे तिथं बाई दिसते, हे खरं आहे. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत राज्यात २०११ पासून निम्म्या जागा आहेत, मिस्टरच कारभार बघतात वगैरे आपण हसतो, पण त्यातनंच काही जणी अशा तयार झाल्या की दुसऱ्या टर्मला मिस्टरांना बाहेर बसवतात, मी बघितल्यात. शेअर बाजारातल्या आणि ठरावीक आकाराच्या वरच्या पब्लिक कंपन्यांना २०१३ च्या कायद्यानं बोर्डावर किमान एक बाई घ्यायला लावली, तर बऱ्याच ठिकाणी किमान हेच कमाल झालं. सहकारी संस्थेत कायद्यानं दोन, तर दोनच. एकवीसच्या बोर्डात तिसरी घेतली तर कायदा काय पकडून नेणार आहे का? आणि जिथं आरक्षण नाही, नुसतं सिलेक्शन आहे, तिथलं बघा. स्टेट बँकेचा इतिहास दोनशे वर्षांच्या वरचा, पहिली बाई चेअरमन अरुंधती भट्टाचार्य, २०१३ ला. त्यांनी बायकांना पोराबाळांसाठी, घरच्या आजारपणासाठी दोन वर्षांपर्यंत रजा घेऊन परत कामावर यायची सोय केली, ती बातमी मी कात्रण करून ठेवली होती. महाराष्ट्र राज्य १९६० चं, पहिली बाई मुख्य सचिव सुजाता सौनिक २०२४ ला. मुख्यमंत्री अजून व्हायची आहे.

आणि आपण कोल्हापूरकर. आमच्या बायका "मी येतो, मी जातो, मी करतो" असं बोलतात म्हणून पुण्यामुंबईची लोकं हसतात. मी पण तशीच बोलतो, पेपरला लिहायचं म्हणून "करते" लिहिलंय. भाषेत बरोबरी कवाच झाली, खुर्चीत काय ती येईना. कावळा नाक्याला ताराराणी घोड्यावर उभी आहे, नवरा गेल्यावर ऐन पंचविशीत औरंगजेबासमोर राज्य चालवलं तिनं, पदरात लहान मूल होतं, तिला कुणी लॉकरला बसवलं नाही. शाहू महाराजांचं आपण उठता बसता नाव घेतो, त्यांनी रखमाबाई केळवकरांना संस्थानातल्या मुलींच्या शाळांचं मुख्य केलं, नुसती मास्तरीण नाही, तपासणी करणारी, रिपोर्ट लिहिणारी अधिकारी. सव्वाशे वर्षांपूर्वी. त्यांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाली, तिला दरबारनं परदेशी शिकायला पाठवलं, आणि आपलं सीपीआर हॉस्पिटल जेव्हा आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं तेव्हा तिथं तिनं काम केलं. एका घरात दोन पिढ्या. त्या काळात रखमाबाईंना खेडोपाडी शाळा तपासायला बैलगाडीनं नाहीतर टांग्यानंच जावं लागलं असणार, तेव्हा पण दरबारात कुणीतरी म्हटलंच असणार की बाईमाणसाला कसं पाठवायचं. महाराजांनी पाठवलं.

माझी मुलगी गेल्या महिन्यात साहेबांना लेखी देऊन आली, मला रात्रपाळी पाहिजे, भट्टी पाहिजे. लेखी, कारण मी सांगितलं, तोंडी काय बोलू नको, तोंडी बोललेलं मायेत विरघळतं. अजून उत्तर आलेलं नाही, साहेब म्हणे तिच्या नवऱ्याला फोन करणार होते, तो काय म्हणतो बघू म्हणून.

असो. माझी तुमच्याकडं एकच मागणी आहे, ती तुमच्या हातातली आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. हा सभांचा सीझन आहे, अजून फोटो येतील. तुमच्या वार्ताहरांना सांगा की स्टेजवर जेवढी डोकी तेवढी नावं, डावीकडनं मोजून, "आदी" नाही. प्रेसनोटमध्ये नावं नसतील तर फोन करायचा. त्या फोटोतल्या दोघींपैकी एक माझ्या ओळखीची आहे, दोनशे बायकांचा बचत गट चालवते, हिशेबाला अशी पक्की की आमचे ऑडिटर तिच्यापुढं पेन खाली ठेवायचे. तिचं नाव मी इथं लिहू शकले असते, पण लिहित नाही. तुमच्या माणसानं तिला जाऊन विचारावं.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

(माझं नाव छापू नये, मुलीची नोकरी चालू आहे.)